हळद आमचीच, पण हिवतापाचं औषध नव्हे

हळदीचा हंगाम आला की सांगलीत हळदीचे मेसेजही येतात. यंदाचा सोसायटीच्या ग्रुपवर आला, नातेवाईकांच्या आला आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्याही. तिथे तर रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांनी खाली हात जोडले होते. मजकूर थोडक्यात असा: हळदीतलं कुरक्युमिन हिवतापापासून जंतांपर्यंत सगळे परजीवी मारतं, हे सिद्ध झालंय. चीनच्या तू यूयूंना झाडपाल्यावरच नोबेल मिळालं. तरी कंपन्या नवनवी रसायनं बनवतात, कारण हळदीचं पेटंट मिळत नाही. जुनी औषधं असताना नवी हवीत कशाला? तेव्हा मुलांना शाळेतली जंताची गोळी देऊ नका, चमचाभर हळद मिरपुडीबरोबर द्या.

‘सिद्ध झालंय’ हे अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटकन पटतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटानं २००५ साली दाखवलं की तोंडावाटे दिलेल्या कुरक्युमिननं उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे परजीवी पुष्कळ कमी होतात. मेसेज इथेच थांबतो. संशोधक थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी कुरक्युमिनला आर्टीईथरच्या इंजेक्शनची जोड दिली. आर्टीईथर हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं विकसित केलेलं हिवतापावरचं औषध, वनस्पतीतल्या रेणूत रासायनिक बदल करून तयार होणारं.

उंदरांनंतर माणसाकडे यायचं, तर तिथे खरी अडचण आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या परजीवीवर कुरक्युमिन थेट टाकता येतं. माणसात ते आधी आतड्यातून रक्तात जायला हवं, तिथे टिकायला हवं आणि मग तांबड्या पेशीत दडलेल्या परजीवीपर्यंत पोचायला हवं. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही. जे थोडं शोषलं जातं, त्याला आतडं आणि यकृत दुसरे रेणू जोडून लगेच बाहेरच्या वाटेला लावतात. रक्ताएवढाच सामू (आम्ल-अल्कतेचं माप, पीएच) असलेल्या साध्या द्रावणात ठेवलं तरी अर्ध्या तासात बहुतेक मोडून जातं. स्वयंसेवकांना कित्येक ग्रॅम शुद्ध कुरक्युमिन दिलं, तरी रक्तात ते जेमतेम सापडलं. आणि हळदपुडीत ते असतं साधारण २ ते ५ टक्के. म्हणजे चमचाभर हळदीत शंभर-दीडशे मिलिग्रॅम.

मिऱ्याचं काय? मिऱ्यातलं पायपरीन यकृताचं हे काम मंदावतं आणि कुरक्युमिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं, हे खरं. पण मुळात नगण्य असलेलं काही पटींनी वाढवून औषधाची मात्रा होत नाही. शिवाय यकृत तेवढ्यापुरतंच मंदावत नाही, रुग्ण घेत असलेल्या दुसऱ्या औषधांवरही परिणाम होऊ शकतो. मिरं घातलेल्या हळदीच्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी परदेशात आहेत. भाजीतली हळद खुशाल खा, तिच्याबद्दल हे चाललेलं नाही.

संश्लेषणाचं, म्हणजे प्रयोगशाळेत नवे रेणू घडवण्याचं काम सुरू होतं ते इथून. कुरक्युमिनच्या मधल्या भागात दोन कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) आहेत आणि बरीचशी अस्थिरता तिथेच आहे. रसायनतज्ज्ञ त्या जागी पायराझोलचं, म्हणजे नायट्रोजन असलेल्या अणूंचं कडं बसवून पाहतात, टोकांचे गट बदलतात, आणि प्रत्येक नवं संयुग परजीवीवर तपासतात. अशी काही संयुगं बशीत मूळ कुरक्युमिनपेक्षा सरस ठरली आहेत. त्यांतून अजून औषध झालेलं नाही. बशीपासून गोळीपर्यंत बहुतेक संयुगं गळतात, ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे.

तू यूयूंचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. चौथ्या शतकातल्या गे हाँग या चिनी वैद्याच्या ग्रंथात तापावर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं. उकळायला नाही, यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं काहीतरी नष्ट होत असावं. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये उंदरांतले परजीवी पूर्ण साफ झाले. इथवर झाडपाला. पण हाती आलेलं आर्टेमिसिनिन ना पाण्यात नीट विरघळे, ना तेलात. १९७३ मध्ये तू यूयूंनीच त्यावर प्रक्रिया करून डायहायड्रोआर्टेमिसिनिन बनवलं, ते मूळ रेणूपेक्षा प्रभावी निघालं. त्यातूनच आर्टेसुनेट झालं, जे पाण्यात विरघळवून शिरेतून देता येतं. मेंदूपर्यंत गेलेल्या हिवतापात बेशुद्ध रुग्णाला काढा पाजणार कसा? २००५ साली छापून आलेल्या आशियातल्या मोठ्या चाचणीत क्विनाइन या जुन्या औषधाच्या तुलनेत आर्टेसुनेटनं मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. त्याच वनस्पतीचा चहा हिवतापावर घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पेटंटचा मुद्दा लवकर आटपतो. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीवर पेटंट दिलं गेलं ते जखम भरण्यासाठी, आणि आपल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. परजीवींशी त्याचा संबंध नाही. मात्र कंपन्या नफा पाहतात, हे मेसेजमधलं म्हणणं मला मान्य आहे. फक्त त्याचा परिणाम नेमका उलटा होतो: परजीवींच्या रोगांवर नवी संयुगं फार नाहीत, फार कमी बनतात, कारण रुग्ण गरीब. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर, हाही परजीवीचाच रोग, मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन होतं, त्यानंच शंभरातले पाचेक रुग्ण दगावत. फेक्सिनिडाझोल हे संयुग एका कंपनीनं बनवून बाजूला टाकलेलं होतं. डीएनडीआय या ना-नफा संस्थेनं ते पुन्हा हाती घेतलं आणि २०१८ मध्ये निद्रारोगावरच्या त्याच्या गोळ्यांना युरोपीय औषध संस्थेचा अनुकूल शेरा मिळाला.

‘जुनी आहेत की’ याचं उत्तर माण, आटपाडी, जत इथल्या मेंढपाळांना विचारा. मेंढ्यांना वारंवार एकाच गटाचं जंताचं औषध पाजलं, की ते लागू पडेनासं होतं. औषधाला दाद न देणारे तेवढे जंत उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. हिवतापाचंही तसंच. क्लोरोक्विन १९३४ मध्ये बनलं, १९७३ मध्ये आसामात त्याला न जुमानणारा परजीवी सापडला. आर्टेमिसिनिनलाही कंबोडियात आणि आता आफ्रिकेत परजीवी दाद देईनासा होऊ लागलाय. हळदीतून उद्या खरंच औषध निघालं, तरी काही वर्षांनी त्याच्यावरही हीच वेळ येणार.

राहता राहिली शाळेतली गोळी. ती अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला ती चिकटते आणि जंताला साखर घेता येईनाशी होते. पोटात जंत जास्त असतील तर मुलाला मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, ती बहुधा दिवसभरात थांबते. मूल आजारी असेल किंवा त्याला दुसरं औषध चालू असेल, तर बाईंना आधी सांगा. नसेल तर गोळी चावून खायला लावा.