तंबूवाल्याकडेच जा, भो

राम राम भो. रात्री दिवा मालवला, बायको जवळ आली की तुमची पाठ दुखायला लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. घाबरू नका. ऑपरेशन लागत नाही, आम्ही सांगतो तसं वागा म्हणजे झालं.

डॉक्टरच्या वाटेला मात्र जाऊ नका. साखर कधी तपासली, बिड्या किती ओढता, पहाटे जाग येते तेव्हा काय अवस्था असते, असलं काहीबाही विचारतो. तक्रार कुठली आणि हा सुई टोचतो बोटाला! वर सांगतो की लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात. आज इथे अडलं तर चार-दोन वर्षांनी छातीत कळ येऊ शकते. एवढं ऐकल्यावर माणसाला शेवभाजी गोड लागेल का?

त्यापेक्षा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जा. घोडे बघून घ्या आणि कडेला एखादा जडीबुटीवाला दिसला की शिरा तंबूत. सांड्याच्या, म्हणजे त्या जाड शेपटीच्या सरड्याच्या, तेलाची बाटली घ्या. त्या बिचाऱ्या सांड्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुम्हाला कसलंच नाही. असल्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ पासून बंदी आहे म्हणतात, पण भिंतींना कुठे वाचता येतं!

चूर्ण लागू पडलं तर 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून चार जणांना सांगा. अशा चूर्णांत व्हायग्राची इंग्रजी गोळीच कुटून घातलेली सापडते, किती ते तंबूवाल्यालाही माहीत नसतं. ही गोळी शोधली जात होती छातीच्या दुखण्यासाठी, १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली भलत्याच कामासाठी. डॉक्टर ती लिहून देण्याआधी विचारतो, छातीच्या कळेसाठी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवता का? दोन्ही एकत्र झाल्या तर बीपी धाडकन खाली येतं, जीवही जाऊ शकतो. तंबूवाला असले अभद्र प्रश्न विचारत नाही. गोळी मेडिकलमधून 'मित्रासाठी' आणलीत, तर आधी तर्रीवाली शेवभाजी हाणा; तेलकट जेवणावर ती उशिरा चढते, तोवर तुम्ही घोरत असाल.

डॉक्टरकडे हवा ओढणारा एक पंपही असतो, त्याची रबरी कडी अर्ध्या तासात काढायची. पाच एचपीच्या मोटारीवर केळीची बाग भिजवणाऱ्याला असलं खेळणं शोभतं का?

बायकोला तर अजिबात सांगू नका. तुमचं बाहेर काहीतरी चाललंय असा तिचा समज झालाय, तो राहू द्या. भांडण होईल, पण इभ्रत शाबूत राहील.

आणि अगदीच गळ्याशी आलं, तर जळगावात नको, धुळ्याचा डॉक्टर गाठा. तोंडाला रुमाल बांधून आत शिरा. बाकावर साडू बसलेला दिसेल, त्याच्याही तोंडाला रुमाल असेल. त्याने विचारण्याआधीच सांगून टाका, पाठ दुखते. तोही म्हणेल, "माझी पण."