रॅम संपली की ओएसने म्हणे फक्त "नाही" म्हणायचं

काल रात्री साडेअकराला दहिसरहून भाच्याचा फोन, मावशी लॅपटॉप गेला. गेला-बिला काही नव्हता. कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा "लिनक्स सुसाट करा, ४ स्टेप" हा मेसेज या शहाण्याने उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर (ओएसवर) जसाच्या तसा चालवलेला. ८ जीबीतली अर्धी रॅम रिकामी, आणि ब्राउझर उघडेना.

मेसेजचा मुख्य दावा: मेमरी संपल्यावर प्रोसेस (चालू प्रोग्राम) मारणं हा लिनक्सचा बग आहे, चांगली ओएस मागणाऱ्याला सरळ नाही म्हणते, म्हणून स्टेप १, ओव्हरकमिट (असेल त्याहून जास्त मेमरी देऊ करायची सेटिंग) २ करा, म्हणजे जास्तीचं देणं बंद.

अरे बग कसला? मॅलॉकचं, म्हणजे प्रोग्राम मेमरी मागतात त्या फंक्शनचं, मॅन पेज (माहितीपान) उघडा, खाली नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय की लिनक्स मेमरी आशेवर वाटतं, मॅलॉक हो म्हणालं म्हणजे मेमरी खरंच आहे याची गॅरंटी नाही. कारण प्रोग्राम मागतात ढीगभर आणि वापरतात चिमूटभर. रेल्वे लोकलचे पास सीट मोजून देते का? ओव्हरकमिट २ केलं की कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, वापरलेल्याचा नाही, मागितलेल्याचा हिशोब धरतो, आणि डीफॉल्ट मर्यादा असते रॅमच्या ५० टक्के अधिक स्वॅप (रॅममधलं सध्या न लागणारं ठेवायची डिस्कवरची जागा). स्वॅप तर स्टेप २ ने आधीच उडवलेला. उरले जेमतेम ४ जीबी. मेमइन्फो (कर्नलचा मेमरीचा हिशोब) बघायला लावलं तर तेवढं सगळं आधीच बुक!

आणि समजा म्हटलं नाही, पण कोणाला? जो त्या क्षणी मागायला आला त्याला. चाळीस टॅबवाला ब्राउझर आपला ऐसपैस बसलेला आणि नकार मिळतो बिचाऱ्या एडिटरला, ज्याला २ एमबी हवे होते, आणि बहुतेक प्रोग्राम नकार मिळाला की तिथेच मान टाकतात. मरण कुठे टळलं? ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, निदान सगळ्यात जास्त खाणारा शोधतो, आणि एखाद्याला वाचवायचंच असेल तर त्याचा ओओएम स्कोअर ॲडजस्ट उणे १००० करता येतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ओव्हरकमिट २ सुचवलंय, मान्य, पण ते डेटाबेस सर्व्हरसाठी, याच्या लॅपटॉपसाठी नाही. आणि हेही नाइलाजाने मान्य, की किलर फार उशिरा येतो, तोवर माउस थिजलेला आणि आपण पॉवर बटणावर बोट ठेवून बसलेलो. पण मग लवकर मारा ना! ४.२० कर्नलपासून, म्हणजे २०१८ पासून पीएसआय आहे, मेमरीसाठी प्रोसेस किती ताटकळतायत ते मोजतं. फेडोरा वर्कस्टेशन या दुसऱ्या लिनक्सने २०२० मध्ये अर्लीऊम (वेळेआधीच मारणारा प्रोग्राम) डीफॉल्टच दिलं, नंतर त्याच कामाचं सिस्टमडी-ऊमडी आलं.

आता स्टेप २: स्वॅप बंद केल्याने लॅपटॉप अडकायचा थांबत नाही, कर्नल मग चालू प्रोग्रामचा कोडच रॅममधून टाकतो आणि डिस्कवरून परत परत वाचत बसतो. स्टेप ३, दर तासाला कॅशे साफ करा: कॅशे म्हणजे डिस्कवरचं रॅममध्ये ठेवलेलं, ते मेमरी लागली की आपोआप सुटतं; मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडमधला अव्हेलेबल कॉलम बघा आणि गप्प बसा. स्टेप ४, स्वॅपीनेस (स्वॅप किती वापरायचा ती सेटिंग) ० करा. स्वॅप बंद केल्यावर?

ओव्हरकमिट परत ०, स्वॅप चालू, क्रॉनमधली (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या यादीतली) कॅशे साफ करायची ओळ काढली, रीबूट. पावणेएकला ब्राउझर उघडला. मेसेज पुढे किती ग्रुपवर ढकललास विचारलं तर म्हणे तीनच.