कारण : झोप नाई

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, ‘लहान मुलांनी बटणांशी खेळू नये’ याच्या बरोबर खाली, परवा एक नवा कागद लागला. ‘ज्येष्ठ रहिवाशांनी पहाटे 5.30 पूर्वी गेट उघडण्याचा आग्रह धरून चौकीदाराच्या कामात व्यत्यय आणू नये.’ खाली सेक्रेटरीची सही आणि शिक्का. यातलं ‘रहिवाशांनी’ हे नुसतं आदरार्थी बहुवचन आहे. बिल्डिंगमध्ये ज्येष्ठ आम्ही सात जण, पण पहाटे गेटशी जाणारा एकच, आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली पोट्टी लिफ्टमध्ये आधी कागद वाचते, मग माझ्याकडे बघते आणि मग मोबाइलमध्ये तोंड घालून हसते.

आणि व्यत्यय कशात? त्या वेळी चौकीदाराचं जे काम चाललेलं असतं, त्याला मराठीत घोरणं म्हणतात.

मला रोज 3.40 ला जाग येते. गजर नाही, वाईट स्वप्न नाही, काही नाही. डोळे उघडतात ते टक्क. लोकांना सांगितलं की म्हणतात, वा काकाजी, ब्राह्ममुहूर्त! या लोकांनी कधी हिशेब केलेला नसतो. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 1 तास 36 मिनिटं आधी लागतो. सध्या नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला उगवतो, म्हणजे मुहूर्त लागला 3.54 ला. मी त्याच्याही 14 मिनिटं आधी उठून बसलेला असतो. त्या 14 मिनिटांना कोणत्याच शास्त्रात नाव नाही. लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटते असं शाळेत घोकून घेतलं होतं. 68 व्या वर्षी भेटलेलं ज्ञान एवढंच, की वरच्या मजल्यावरच्या फ्लशची टाकी रात्रभर गळते.

धंतोलीतल्या डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागितली. त्यांनी दिली नाही. या वयात ती गोळी घेऊन रात्री बाथरूमला उठलात तर तोल जाईल, खुब्याचं हाड मोडलं की मग भरपूर पडून राहता येईल, म्हणाले. वर समजावून सांगितलं. म्हातारपणी गाढ झोपेचा वाटा घटतो आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोपही लवकर येते आणि जागही लवकर येते. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर. सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका, तांदळाच्या दाण्याएवढा. चिलटांच्या अंगातलं असलं घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे शोधलं म्हणून 2017 साली तिघा अमेरिकनांना नोबेल मिळालं. आमच्याकडे सध्या आंब्याच्या सालींवर अशी पन्नासेक घड्याळं घोंगावत असतात आणि सगळी माझ्यापेक्षा बरी चालतात.

तर हे घड्याळ उजेडाने लागतं. सकाळचा उजेड ते पुढे सरकवतो, संध्याकाळचा मागे ओढतो. “तुम्ही अंधारात उठता आणि ऊन चढेस्तोवर फिरता,” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे रोज आपल्याच हाताने काटा आणखी पुढे करता. त्यापेक्षा संध्याकाळचं ऊन घ्या.”

“डॉक्टर, नवतपा सुरू आहे.”

“मग सहाला घ्या.”

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, सहाला घ्यायचं ऊन! डॉक्टरांच्या खोलीत एसी होता, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा अशा थाटात मी घड्याळ मागे ओढायला निघालो. गॉगल काढून ठेवला, कारण उजेड डोळ्यांत गेला पाहिजे. अर्ध्या तासाने परत आलो, पन्हं प्यालो आणि सात वाजता टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपलो.

न्यायाने सांगायचं तर त्यांचा एक सल्ला पहिल्याच दिवसापासून लागू पडला. माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. ती मी रात्री घेत होतो, ती त्यांनी सकाळी घ्यायला लावली. आधी एकला, अडीचला आणि 3.40 ला अशी तीनदा जाग यायची. आता फक्त 3.40. पण सगळा घात केला तो शेवटच्या सल्ल्याने. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात लोळत पडू नका, उठून दुसरीकडे जाऊन बसा. पलंग म्हणजे जागं राहण्याची जागा, असं शरीराने शिकता कामा नये.

दुसरीकडे म्हणजे कुठे? आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. एका खोलीत बायको. हॉलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली लेक आणि तिची दोन पोट्टी, कूलरसमोर गाद्या टाकून आडवीतिडवी. बाल्कनीत त्याच कूलरचं धूड. स्वयंपाकघरात दिवा लावला की उजेड थेट नातवाच्या डोळ्यावर. एकदा अंधारातच पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं, काढायला गेलो, तर ताटाळं कोसळलं आणि हॉलमधून लेक ओरडली, “बाबा, तुम्ही रात्रभर करता तरी काय?”

महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरी हा प्रश्न नव्हता. दिवेलागणीला गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं, फरशी आधी चर्र करायची, मग वाफ सोडायची, मग कुठे तिच्यावर पाय ठरायचा. नऊला सगळ्यांच्या गाद्या वर. मध्यरात्रीनंतर भर उन्हाळ्यातही अंगावर चादर ओढावी लागे. झोप यायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं म्हणे. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या गच्चीवर ते आपोआप उतरत होतं. वडिलांना रात्री जाग आली तर ते नुसते कठड्याशी जाऊन उभे राहत. कोणी त्यांना कारण विचारत नव्हतं. आता आमच्या बिल्डिंगची गच्ची कुलूपबंद असते, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी आठला उठतो.

तेव्हा उरला खालचा रस्ता.

पहिल्या दिवशी खाली गेलो तेव्हा गेटजवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. एकीत चौकीदार, दुसरीत त्याचे पाय. मीटर रूममधून वायर ओढून टेबल फॅन लावलेला. तोंडावर पांढरा दुपट्टा, तो श्वासाबरोबर आत ओढला जात होता आणि फुगून वर येत होता. शर्टाच्या खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी डोकावत होती. वय तिशीच्या आतबाहेर. खरं सांगतो, मी त्याला लगेच उठवलं नाही. उपासाच्या दिवशी दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसा दोन मिनिटं बघत उभा राहिलो.

“भाऊ, जरा गेट.”

दुपट्ट्याखालून आवाज आला, “किती वाजले?”

“3.52.”

“मंग?”

या ‘मंग’वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. “फिरायला जातो जरा.”

“अंधारात काय पाहान? कुत्रे फाडतीन.”

“झोप नाही येत रे बाबा.”

आता दुपट्टा एका डोळ्यावरून सरकला. एकाच. दुसरा डोळा अजून ड्युटीवर रुजू झाला नव्हता. “काऊन?”

मी त्याला मेंदूतलं घड्याळ सांगितलं. का सांगितलं, ते आता मलाही कळत नाही. पहाटे चार वाजता माणसाला कोणीतरी ‘काऊन’ विचारलं की तो बोलत सुटतो. त्याने अगदी मन लावून ऐकलं.

“म्हंजे घड्याळ पुढं गेलं.”

“हो.”

“मंग सेल काढून टाका न.”

यावर मी गप्प. तो उठून नीट बसला, खर्रा दाढेखाली सारला आणि डॉक्टरांनी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला. “काकाजी, नोकरी कुठं होती तुमची?”

“सरकारी. हिशेबखात्यात.”

“मंग बराबर हाय.” त्याचा चेहरा निदान सापडल्यासारखा उजळला. “मानसाले झोप मोजून भेटते, देवाघरून. कोनी घरी झोपते, कोनी हापिसात झोपते. तुमची हापिसात संपली असन.”

मी चिडलो. 34 वर्षं नोकरी केली. 31 मार्चच्या रात्री दोन दोन वाजेपर्यंत बिलं पास केली. टेबलावर डोकं टेकून झोपल्याचं एकदाच आठवतं, ऑडिटच्या वेळी, आणि तेव्हा समोर ऑडिटरही झोपला होता. हे सगळं मी त्याला पोटतिडकीने ऐकवलं. शेवटी म्हटलं, “आणि तुझं काय? तू तर ड्युटीवरच झोपतोस. तुझी नाही संपत?”

“माही कायची संपते? दिवसा दुसरी ड्युटी हाय मले, सिमेंटच्या गोडाऊनवर. थे झाली का इकडं येतो. मी झोपतच नाई, काकाजी.”

“मग आता काय करून राहिला होता?”

“आराम.”

त्याने गेटला हात लावायच्या आधी खुर्चीखालून रजिस्टर काढलं. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, कुठे, कारण, सही. “लिहा लागते. नियम हाय.” कारणाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात ‘प्रातःभ्रमण’ लिहिलं. त्याने ते मोबाइलच्या उजेडात एकेक अक्षर लावून वाचलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि वर आपल्या हाताने लिहिलं : झोप नाई. “सेक्रेटरी साहेब म्हनते, खरं कारन पाहिजे.”

असे बारा दिवस गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या रकान्यात तो नुसत्या दोन रेघा ओढायचा, वरीलप्रमाणे. तेराव्या दिवशी सेक्रेटरीने मला बोलावलं. वयाने माझ्या मुलाएवढा. समोर रजिस्टर उघडं.

“काका, रेकॉर्ड आहे. बारा दिवसांत बारा वेळा. चौकीदाराची तक्रार आहे, तुमच्यामुळे त्याची झोप होत नाही.”

“अहो, त्याला जागं राहण्याचेच पैसे देतो न आपण?”

“लहान माणूस आहे काका, डबल ड्युटी करतो. समजून घ्या न.”

मी समजून घेतलं. त्याची झोप गेली तर वाईट मलाही वाटतं, आणि त्याला दोन ठिकाणी राबावं लागतं तो पगार आपणच ठरवलाय हे सेक्रेटरी विसरला तरी मी विसरलो नाही. पण मग माझी? “तुमचं काय काका, वयाचं आहे ते.” संपलं. या दोन शब्दांत म्हातारपणाची कोणतीही फाइल बंद होते. टोंगळे दुखतात, वयाचं आहे. ऐकू येत नाही, वयाचं आहे. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू पोट्टा फुटाळा तलावावरून पहाटे चारला येतो, त्याला एका हॉर्नमध्ये गेट उघडतं, त्याला रकाना नाही, कारण नाही. त्याचंही वयाचंच असेल. येणाऱ्या तरुणाला गेट, जाणाऱ्या म्हाताऱ्याला नोटीस.

घरी येऊन हे तावातावाने सांगितलं, तर बायकोने भाजी निवडता निवडता बेरीज मांडली. “रात्री 9 ते 3.40, सहा तास चाळीस. दुपारी जेवल्यावर पावणेदोन तास, घोरता तुम्ही, पोट्ट्यांनी रेकॉर्ड केलंय. सातला टीव्हीसमोर अर्धा तास. किती झाले?”

आठ तास पंचावन्न मिनिटं. माझ्या वयाच्या माणसाला सात ते आठ पुरतात. म्हणजे शिल्लक निघते. जन्मभर हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला हे स्वयंपाकघरातून ऐकावं लागलं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, ते मी घरी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात, नागपुरात, दुपारी दोन वाजता, कूलरसमोर, जेवण झाल्यावर अर्ध्या तासात उठून दाखवणारा माणूस मला कोणी आणून दाखवावा.

आज पहाटेची गोष्ट. 3.40. नोटिशीत गेट उघडायला सांगू नये एवढंच आहे, खाली बसू नये असं नाही. म्हणून घरची घडीची खुर्ची घेऊन खाली गेलो, कारण त्याची दुसरी खुर्ची पायांना लागते. अंगात बनियान, डोक्याला दुपट्टा. त्याचा फॅन जरा माझ्याकडे वळवून घेतला. तो हललाही नाही. बरं वाटत होतं. बोलणं नाही, बेरीज नाही.

तेवढ्यात गेटवर हॉर्न. तिसऱ्या मजल्यावरचा. एक, दोन, मग एक लांबलचक. चौकीदार ढिम्म. किल्ली फॅनच्या दांड्याला लटकवलेली. अख्खी बिल्डिंग जागी होईल आणि तेही माझ्याच नावावर लागेल, म्हणून उठलो, कुलूप काढलं, गेट ओढलं. गाडीचा दिवा तोंडावर. पोट्ट्याने हेल्मेटच्या काचेतून बघितलं.

“काय काका, झोपले होते का? केव्हाचा हॉर्न देऊन राहिलो! ड्युटीवर झोपत नका जाऊ.”

आणि गाडी आत.

काय उत्तर द्यावं ते सुचेपर्यंत लिफ्ट वर गेली होती. मागून दुपट्ट्याखालून आवाज आला, “काकाजी, येन्ट्री मारून टाका थ्याची. आता कारन लिहा लागते सगळ्याईचं.”

“आणि सही?”

“माहीच करा. कोनी पाहत नाई.”

34 वर्षं मी दुसऱ्याच्या नावाने केलेल्या सह्यांवर हरकती काढल्या. रजिस्टर मांडीवर घेतलं. वेळ 4.11. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. वर ओळीने माझ्याच बारा नोंदी होत्या. त्याखाली दोन रेघा ओढल्या, चौकीदाराची सही केली आणि गेटला कुलूप लावलं.