अठरा पेपर आणि एक क्विंटल सोयाबीन

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले. ते सगळं पुसून टाकलं. आज सकाळी पुन्हा लिहिते आहे. तुम्ही सुरुवातच 'ताई' अशी केलीत आणि नावाच्या जागी 'एक जुना इंदूरकर' एवढंच लिहिलंत, म्हणून मीही तुम्हाला दादाच म्हणते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी सैद्धांतिक मूलकण भौतिकीतल्या (पदार्थाच्या मूळ कणांचा गणिताने, कागदावर अभ्यास; थोडक्यात 'थिअरी') माझ्या बत्तीस वर्षांबद्दल लिहिलं होतं, ओघात याच विषयातल्या शास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांच्याबद्दलही. दादांचं म्हणणं असं की बत्तीस वर्षांत अठरा पेपर म्हणजे कारकीर्द वाया गेली. असलं संशोधन करायचं तर मुंबईत किंवा परदेशात राहायला हवं होतं. इंदूरला येऊन मी 'शिक्षिका झाले, शास्त्रज्ञ उरले नाही'. गोडबोले यांचं उदाहरण माझ्यावरच उलटतं, कारण त्याही विद्यापीठ सोडून बंगलोरला गेल्या. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या महाकाय त्वरकाशी, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या यंत्राशी, असलेलं इंदूरचं नातं मी फुगवून सांगितलं. आणि शेवटी लिहिलंय: 'माझी नात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख वाचून थिअरीत जायचं म्हणते. कृपया मुलांची दिशाभूल करू नका.'

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी दोन ओळींत आभार मानून थांबले असते.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात करते. 'हिग्ज सापडला तो इंदूरच्या खांद्यावर' हे माझं वाक्य जास्तीचं होतं (हिग्ज म्हणजे एलएचसीत सापडलेला, वस्तुमानाशी नातं असलेला मूलकण). खरी गोष्ट एवढीच की एलएचसीच्या बोगद्यात जी १,२३२ मोठी चुंबकं आहेत, एकेक पंधरा मीटर लांब आणि पस्तीस टनांचं, ती ज्या जॅकवर टेकलेली आहेत त्यांच्या कामात आपल्या इंदूरच्या आरआरकॅटचा (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) मोठा वाटा होता. अशा प्रत्येक चुंबकाखाली तीन जॅक, इतर चुंबकांसाठीचे धरून सगळे मिळून सुमारे सात हजार, आणि ते भारतातल्या कारखान्यांत बनले. पस्तीस टन वजन केसाच्या जाडीइतकं सरकवून नेमक्या जागी बसवायचं, हे सोपं काम नव्हे. पण ते इंजिनिअरांचं आणि कारागिरांचं काम. माझ्यासारख्या थिअरीवालीचा त्यात काडीचाही वाटा नाही. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

गोडबोले यांच्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही, कारण तारखा वेगळं सांगतात. त्या १९९५ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या हे खरं. त्याआधी १९८२ पासून त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. आणि ज्याला जगभर 'ड्रीस-गोडबोले परिणाम' म्हणतात, ते काम १९९१ चं आहे. म्हणजे विद्यापीठातल्या वर्षांतलं.

ते काम काय होतं तेही सांगते, कारण 'थिअरी म्हणजे हवेतल्या गप्पा' असा सूर तुमच्या पत्रात आहे. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धन प्रभाराचा जुळा कण पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवायचे, म्हणजे प्रोटॉनांच्या टकरीत होतो तसा पसारा होत नाही, असा सर्वसाधारण समज होता. पण सरळ रेषेतल्या त्वरकात पुरेशा टकरी घडवायच्या तर कणांचे झुबके फार दाट करावे लागतात. असे दोन झुबके एकमेकांत घुसताना एकाच्या क्षेत्रामुळे दुसऱ्यातले कण वाकतात आणि वाकताना प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, सोडतात. मग हे फोटॉनच एकमेकांवर आदळतात. फोटॉन दिसायला निव्वळ प्रकाश. पण तो अधूनमधून क्षणभर क्वार्कची, म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणांची, जोडी होऊन परत फोटॉन होत असतो. नेमक्या त्या क्षणी समोरून दुसरा आला तर टक्कर क्वार्कची होते, आणि यंत्रात नको असलेल्या कणांचा पाऊस पडतो. ड्रीस आणि गोडबोले यांनी आकडे मांडून दाखवलं की त्या वेळच्या काही आराखड्यांत हा पाऊस इतका असेल की जे बघायचं तेच बुजून जाईल. पुढच्या त्वरकांचे आराखडे करणाऱ्यांना हा हिशेब धरूनच चालावं लागलं. यंत्र अजून कागदावर असतानाच त्याचं दुखणं ओळखणं, हे थिअरीचं काम.

तुम्ही म्हणाल, मुंबईत शेजारी टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होतं. हो, होतं. सांताक्रूझहून लोकल धरून कुलाब्याला गेलं की बोलायला माणसं होती. मला इंदूरला तशी नव्हती. इथे घनस्थिती भौतिकीची मंडळी होती, लेसरची होती, पुढे त्वरकाची आली; माझ्या विषयात मी एकटी होते. या एकटेपणाची किंमत मी मोजली आहे, आणि ती मागच्या लेखात लिहिली नाही ही माझी चूक. आता लिहिते.

तेव्हा पेपर छापून यायच्या आधी त्याच्या प्रती, ज्यांना प्रीप्रिंट म्हणत, मोठ्या संस्था एकमेकींना धाडत. त्या यादीत आम्ही नव्हतो. आम्ही पोस्टकार्ड टाकायचो, 'कृपया आपल्या अमुक निबंधाची प्रत पाठवावी', आणि वाट बघायचो. १९८८ मध्ये प्रोटॉनच्या आत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन या कणांविषयीचा एक हिशेब मी सात महिने करत होते. दोन वह्या भरल्या होत्या. एका दुपारी टपालात जाड खाकी लिफाफा आला, बोटीने आलेला, कोपरे चेपलेले. दुसऱ्या पानावरचं समीकरण माझ्याच वहीतलं होतं, अक्षरं तेवढी वेगळी. वरची तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची. मी तो लिफाफा टेबलाच्या खणात ठेवला आणि प्रयोगशाळेत गेले, कारण तीन वाजता बीएस्सीच्या मुलांना स्पेक्ट्रोमीटर लावून द्यायचा होता. त्या दोन वह्या अजून माझ्याकडे आहेत.

हे दुःख माझ्या एकटीचं नव्हतं. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम केंब्रिजचं शिक्षण संपवून १९५१ मध्ये लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवायला परतले, तर त्यांच्याकडे फुटबॉल क्लबची जबाबदारी आली. बोलायला कोणी नाही, वाचायला ताजी जर्नल्स नाहीत. १९५४ मध्ये ते केंब्रिजला परत गेले. पण ती कुचंबणा ते विसरले नाहीत. १९६४ मध्ये इटलीत ट्रिएस्टे इथे त्यांनी जे केंद्र उभं केलं, त्यात आमच्यासारख्यांसाठी असोसिएट नावाची सोय ठेवली: काही आठवडे या, वाचा, बोला, काम करा, आणि आपल्या गावी परत जा. परत जाणं हा त्या योजनेचा प्राण होता. मी तीनदा गेले. प्रत्येक वेळी येताना बॅगेत साड्यांपेक्षा झेरॉक्सचं वजन जास्त होतं. नंतर इंटरनेटवरून पेपर यायला लागले (ते संग्रहस्थळ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलं), आणि प्रिन्स्टनला जे सकाळी वाचता येतं ते इंदूरच्या खंडवा रोडवरही वाचता यायला लागलं. तोवर माझी ऐन उमेदीची वर्षं गेली होती.

पेपर अठराच झाले त्याचं हे एक कारण. दुसरं कारण शिकवणं, आणि खरं बोलायचं ते याच्याबद्दल. शिकवण्यामुळे शास्त्रज्ञ मेली, असं तुम्ही लिहिलंत. २०१२ च्या जुलैमधला एक तास सांगते, मग ठरवा.

४ जुलैला सर्नने हिग्जची घोषणा केली. टीव्हीवर 'देवकण, देवकण' चाललेलं. मीही एका मराठी अंकासाठी लेख लिहिला होता, त्यात वाक्य होतं: 'विश्वातल्या सगळ्या वस्तूंना वस्तुमान मिळतं ते हिग्जमुळे.' एमएस्सीच्या वर्गात तेच सांगितलं. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, त्याचे वडील छावणीच्या मंडीत तुलावटी होते. जन्मभर धान्य तोलणाऱ्याचा मुलगा. तो उठून म्हणाला, "मॅडम, एक क्विंटल सोयाबीन तौला, तो उसमें हिग्ज का कितना?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी फळा पुसला आणि आम्ही हिशेब मांडला. सोयाबीनचं जवळजवळ सगळं वजन त्याच्या अणूंमधल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). आत दोन अप क्वार्क आणि एक डाउन. अपचं साधारण २.२, डाउनचं ४.७. बेरीज ९.१. न्यूट्रॉनमध्ये एक अप, दोन डाउन, बेरीज ११.६. हिग्जच्या खात्यात जातं ते क्वार्कचं हे स्वतःचं वस्तुमान, म्हणजे शंभरात जेमतेम एक. क्विंटलभर सोयाबीनमध्ये हिग्जच्या नावावर किलोभर, फार तर थोडं वर. उरलेले नव्व्याण्णव किलो? ती त्या क्वार्कना एवढ्याशा जागेत कोंडून ठेवणाऱ्या ग्लुऑनांची आणि क्वार्कच्या धावपळीची ऊर्जा. आइनस्टाइनच्या समीकरणाने तिचंच वजन भरतं. मी आयुष्यभर ग्लुऑनांवर काम केलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही ते चुकीचं वाक्य मी लिहिलं होतं, कारण सगळे तसंच लिहीत होते.

मुलगा बसला नाही. म्हणाला, क्वार्क तर कधी बाहेर निघतच नाही असं तुम्हीच मागच्या आठवड्यात सांगितलंत; मग जे पारड्यात ठेवताच येत नाही त्याचं २.२ हे वजन कोणी केलं?

दादा, माझ्या पेपरांवर अनेक परीक्षकांचे शेरे आले आहेत. इतका नेमका प्रश्न त्यांतल्या एकानेही विचारला नव्हता. उत्तर लांबचं आहे. पायॉन आणि केऑन या कणांच्या वस्तुमानांवरून मागे मागे जात ते काढावं लागतं, आणि आता अवकाश-काळाची जाळी कल्पून महासंगणकावर. त्या जाळीच्या हिशेबाचं मी वरवर वाचलं होतं, कधी हाताने केलं नव्हतं. पुढचे तीन रविवार मी ते शिकत होते, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि मग वर्गात तीन जादा तास घेतले. शेवटच्या तासाला लेसरवाले दोघे सहकारीही मागे येऊन बसले. यातून पेपर झाला नाही. त्या अंकाच्या संपादकांना मी दुरुस्ती पाठवली, ती पुढच्या महिन्यात छापून आली. तो मुलगा आज माळव्यातल्या एका सरकारी कॉलेजात शिकवतो आणि हाच हिशेब गव्हावर करून दाखवतो.

त्या तीन रविवारी मी कोण होते, शिक्षिका की शास्त्रज्ञ, ते मला वेगळं काढता येत नाही. पीटर हिग्ज हेही एडिंबरा विद्यापीठात शिकवणारेच. १९६४ नंतर त्यांनी फार थोडे पेपर लिहिले, आणि आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरी मिळाली नसती असं त्यांनी २०१३ मध्ये स्वतःच सांगितलं. त्यांच्या पंगतीत बसायचा माझा दावा नाही. पण पेपर मोजून माणूस तोलायचा तर तराजू कुठला, एवढं विचारण्याचा हक्क मला आहे.

'समाजाला उपयोग काय' असंही तुम्ही विचारलंत. वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्ये जन्मलं, असे दाखले मी देणार नाही. ते ज्यांचं श्रेय त्यांचं. माझ्या कामातून इंदूरला एक रुपयाचाही धंदा मिळालेला नाही.

आता नातीबद्दल. तिला खरं ते सगळं सांगा, माझ्या नावाने सांगा. एमएस्सीसाठी जॅम, पुढे पीएचडीसाठी जेस्ट, नेट, टीआयएफआरची परीक्षा. पीएचडीला पाच-सहा वर्षं. मग दोन-तीन ठिकाणी पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाची तात्पुरती नोकरी, बहुधा परदेशात, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवत. कायमची नोकरी पस्तिशीच्या आसपास, मिळाली तर. थिअरीच्या जागा मोजक्याच, आणि त्यातही कोणता विषय 'चालू' आहे यावर पुष्कळ ठरतं. मुलींना या वयात घरातून काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. गोडबोले यांनी राम रामस्वामी यांच्यासह भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांच्या आत्मकथनांचं पुस्तक २००८ मध्ये काढलं, 'लीलावतीज डॉटर्स'. ते तिला आणून द्या आणि तुम्हीही वाचा. तिला गणित करताना तासाचं भान राहत नसेल तर तिला अडवू नका. आणि नुसता माझा लेख आवडला म्हणून जात असेल तर मात्र थांबवा; त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

ती कुठल्या प्रकारातली आहे ते बघायचा एक उपाय आहे. वरच्या हिशेबात मी इलेक्ट्रॉन सोडून दिले आहेत. त्यांचंही वस्तुमान हिग्जमुळेच, एकेकाचं ०.५११ एमईव्ही. क्विंटलभर सोयाबीनमध्ये इलेक्ट्रॉनांचे किती ग्रॅम, ते तिला काढायला सांगा. उत्तर तिने स्वतः इथे खाली लिहावं, कसं काढलं त्यासकट. मी रोज संध्याकाळी बघते.