मुलीची दोन वर्षं तुमच्या रकान्यात बसत नाहीत, म्हणून ती झालीच नाहीत?

टेक्सासमध्ये मूल घरी शिकवायला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदणी नाही, तपासणी नाही, सरकारी परीक्षा नाही. १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात स्पष्ट सांगितलं की घरची शाळा ही कायद्याच्या नजरेत खाजगी शाळाच आहे. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व, एवढं लेखी अभ्यासक्रम घेऊन प्रामाणिकपणे शिकवा, की झालं. इथवर सगळं सुटसुटीत आहे. पण तेच मूल नववी-दहावी घरी करून अकरावीला सरकारी हायस्कूलच्या दारात उभं राहू दे, मग बघा. जे राज्य ‘तुम्ही शाळा आहात’ म्हणतं, त्याच राज्याची शाळा तुम्हाला ‘तुम्ही कोण?’ असं विचारते.

गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात तिडीक जाते आहे, म्हणून आज सगळं लिहिते.

माझी लेक नववी आणि दहावी घरी शिकली. अकरावीला शाळेत जायचं हे तिने स्वतः ठरवलं. तिला ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचाय, फिजिक्सला खरी लॅब हवीये, आणि सोळाव्या वर्षी आपल्या वयाची माणसं आजूबाजूला असावीत असं वाटणं काही गुन्हा नाही. आम्ही एप्रिलमध्येच डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कचेरीला, विचारलं की ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडची यादी) कशी द्यायची, काय काय लागतं. उत्तर आलं, शाळेला विचारा. शाळा म्हणाली, रजिस्ट्रारकडे जा. शाळेच्या नोंदी ठेवणारी रजिस्ट्रार म्हणाली, क्रेडिटचं, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या हिशेबाचं, काउन्सेलर बघते. काउन्सेलर उन्हाळ्याच्या सुट्टीवर. ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू होते आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत एकाही माणसाने आम्हाला लेखी एक ओळ दिली नाही. नुसती टोलवाटोलवी.

दरम्यान आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. प्रत्येक विषयाचं एक पान तयार केलं. पुस्तक कोणतं, कोणते धडे झाले, परीक्षा किती, प्रयोग कोणते, ग्रेड कशी दिली. इंग्लिश १ आणि २, अल्जिब्रा १, जॉमेट्री, बायोलॉजी, केमिस्ट्री, वर्ल्ड जिऑग्रफी, वर्ल्ड हिस्टरी, चित्रकला, पीई (शारीरिक शिक्षण) वगैरे, सगळं मिळून १४ क्रेडिट. टेक्सासमध्ये हायस्कूलच्या पदवीला किमान २२ लागतात आणि एन्डॉर्समेंट, म्हणजे एका विषयगटावर भर, घेतली तर २६, म्हणजे अकरावीत पाऊल ठेवणाऱ्या मुलीला १४ हा अगदी रास्त आकडा आहे. काउन्सेलर परत आल्यावर हे सगळं घेऊन तिच्याकडे गेलो, सोबत लेकीची बायोलॉजीची वही नेली. त्या वहीत कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकून सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या पेशी पेन्सिलने काढलेल्या आहेत, प्रत्येक पानावर तारीख आहे, आणि एका पानावर ‘स्टेन जास्त झाला, पुन्हा केलं’ असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ती वही काउन्सेलरच्या टेबलावर होती आणि तिने तिचं मुखपृष्ठसुद्धा उघडलं नाही!

काउन्सेलरच्या समोरच्या फॉर्मवर दोन रकाने होते. शाळेचा कोड, आणि शाळा ॲक्रेडिटेड (मान्यताप्राप्त) आहे का, हो किंवा नाही. आमचा कोड नाही, आम्ही ॲक्रेडिटेड नाही, विषय संपला. मग म्हणे ट्रान्सक्रिप्ट ‘ऑफिशियल’ हवी, म्हणजे आधीच्या शाळेने सीलबंद लिफाफ्यातून थेट पाठवलेली. आधीची शाळा म्हणजे मी आणि माझा नवरा. हे तिला समजावून सांगितलं तरी लिफाफा हवाच. मी घरी आले, तोच कागद लिफाफ्यात घातला, चिकटवला, पोस्टात टाकला. तो पोचल्यावर फोन आला की यावर नोटरी हवी होती. नोटरीने माझं लायसन्स पाहिलं, मी सही करताना पाहिलं, शिक्का मारला. सही माझीच आहे एवढंच तो शिक्का सांगतो. माझ्या मुलीला क्वाड्रॅटिक समीकरण सोडवता येतं की नाही हे त्या नोटरीला कसं कळणार? पण फाइल शिक्क्यानंतर पुढे सरकली. म्हणजे यांना ज्ञानाचा पुरावा नकोच आहे, कागदाला कागद जोडून हवा आहे.

मग तास विचारले. प्रत्येक विषयाला किती तास बसली? एका क्रेडिटला १२० तास असा हिशेब कुठून आला ते ऐका. १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणाच्या क्षेत्रातल्या संस्थेने हे एकक रूढ केलं, कारण कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं होतं आणि पेन्शनला पात्र होण्यासाठी कॉलेजांनी हायस्कूलची ठराविक युनिट्स मागावीत अशी अट होती. प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी काढलेली मोजपट्टी शंभराहून जास्त वर्षं मुलांच्या डोक्याला लावली जातेय, आणि आता खुद्द कार्नेगी फाउंडेशनच म्हणतं की हे एकक बदलायला हवं. पण आमच्या काउन्सेलरला तास हवेत. दिले. तर म्हणाली, हे तुम्हीच लिहिलेत ना, मग आम्ही कसे धरायचे? अहो मग मागितलेत कशाला?

राज्याचं शिक्षण खातं, टीईए, यांनी डिस्ट्रिक्टांना कळवलेलं आहे की घरून आलेल्या मुलांना ॲक्रेडिटेशन नसलेल्या खाजगी शाळेतून आलेल्या मुलांसारखंच वागवा. त्यांची पातळी तपासायची तर अभ्यासक्रम आणि काम बघा किंवा मान्यताप्राप्त परीक्षा घ्या. मी सरळ विचारलं की तशा खाजगी शाळेतून आलेल्या मुलासाठी तुमचा नियम काय आहे, तो दाखवा, आम्हाला तोच लावा. नियम कोणालाच सापडला नाही. ‘केस बाय केस बघतो’ एवढंच. केस बाय केस म्हणजे समोर कोण बसलंय, त्या दिवशी तिचा मूड कसा आहे आणि पालक किती भांडतात यावर मुलाचं वर्ष ठरणार. ज्याला भांडायला वेळ नाही, इंग्रजी फाडफाड येत नाही, दोन-दोन नोकऱ्या आहेत, त्या घरातल्या मुलाने काय करायचं?

आणि निकाल काय लागला? चित्रकला आणि पीईचं क्रेडिट दिलं. बाकी सगळं ‘पेंडिंग’. पेंडिंग असेपर्यंत ती यांच्या सिस्टिममध्ये फ्रेशमन, म्हणजे नववीतली. जॉमेट्री संपवलेली मुलगी अल्जिब्रा १ च्या वर्गात चौदा वर्षांच्या मुलांबरोबर बसवली. पहिल्या आठवड्यात घरी येऊन मला म्हणाली, “आई, मी दोन वर्षं काहीच केलं नाही का गं?” मला काय वाटलं असेल ते ज्याला मूल आहे त्याला सांगायची गरज नाही. तिने पहाटे उठून केमिस्ट्रीची गणितं सोडवली आहेत. वर्ल्ड हिस्टरीची एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीची, परीक्षा दिली आहे, आणि होमस्कूलच्या मुलाला एपीला बसायचं तर आधी नोव्हेंबरच्या मुदतीच्या आत कोणत्या तरी शाळेच्या हातापाया पडून जागा मिळवावी लागते, तेही केलं. तिला पाचपैकी ४ गुण मिळाले. मंजूर केलेल्या एपी परीक्षेत ३ किंवा त्याहून जास्त मिळाले तर त्या विषयाचं क्रेडिट देण्याची तरतूद राज्याच्या कायद्यातच आहे. हा गुण मी दिलेला नाही, ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने दिलाय. तरी उत्तर तेच, ‘चेक करून सांगते’. अजून सांगतेय.

आता क्रेडिट बाय एक्झामबद्दल, म्हणजे परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्याबद्दल. हा मार्ग मला मान्य आहे, हे आधीच सांगते. नात्यातली आणि ओळखीतली निम्मी माणसं मला ऐकवतात की आईच शिक्षिका आणि आईच परीक्षक, मग शाळेने विश्वास का ठेवावा? नका ठेवू! माझ्या शब्दावर अजिबात ठेवू नका. पोरीला परीक्षेला बसवा, मी एप्रिलपासून हेच मागतेय. पण कोणती परीक्षा, कधी, कोणाकडे नाव द्यायचं, निकाल किती दिवसांत लागेल, हे उन्हाळ्यात सांगा ना. जून आणि जुलै हे दोन महिने तिच्याकडे मोकळे होते. ऑगस्टच्या शेवटी मला कळलं की वर्षाच्या प्रत्येक विषयाला दोन पेपर असतात, ए आणि बी, आणि आधी शिकलेला विषय असेल तर ७० टक्के लागतात, अजिबात न शिकलेला असेल तर ८०. न शिकता पुढे उडी मारणाऱ्या मुलाकडून डिस्ट्रिक्टने पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे, पण आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये आधी शिकलेल्या मुलाच्या पेपरचे पैसे पालकांनी भरायचे. विषय मोजा, त्याची दुप्पट करा, आणि हे सगळं चालू वर्गांच्या होमवर्कच्या, ऑर्केस्ट्राच्या तालमींच्या जोडीला. दहावीपर्यंतचा सगळा अभ्यास एका सेमिस्टरमध्ये पुन्हा सिद्ध करा असं शाळेतल्या एका तरी मुलाला सांगून बघा. पालक दारात मोर्चा आणतील.

ज्याने सगळ्यात जास्त रक्त उसळतं ते आता सांगते, कारण आपल्या बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं. समजा उद्या सगळी १४ क्रेडिट मान्य झाली, तरी ती ग्रेड म्हणून येणार नाहीत. ‘पी’ म्हणून येणार. पी म्हणजे पास, आणि पी जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. टेक्सासमध्ये जीपीएवरून वर्गातला रँक ठरतो आणि रँकवर सरकारी विद्यापीठांची दारं उघडतात. १९९७ च्या कायद्याने वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना थेट प्रवेश आहे, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला तर २०२६ च्या फॉलपासून वरचे पाच टक्केच. इतर मुलांच्या जीपीएला नववीपासूनच्या ऑनर्स आणि एपी अशा अवघड वर्गांचे जादा गुण जोडलेले असतात, हिच्याकडे त्या दोन वर्षांच्या जागी कोरी जागा. शिवाय जे वर्ग पुन्हा करायला लावताय ते सगळे साधे, त्यांना जादा वजन नाही. मग ही वर कशी येणार? आणि हीच मुलगी बारावीपर्यंत घरीच राहिली असती, तर कायद्याप्रमाणे सरकारी विद्यापीठाने तिला नाकारायचं कारण ‘होमस्कूल’ हे असू शकत नाही. रँक लागत असेल तर एसएटीसारख्या प्रवेशपरीक्षेत तिच्याइतके गुण असलेल्या अर्जदारांचा सरासरी रँक तिला धरायचा, असंही त्याच कायद्यात आहे. म्हणजे विद्यापीठाला माझी ट्रान्सक्रिप्ट चालते आणि दोन मैलांवरच्या हायस्कूलला चालत नाही. शाळेत जायचं ठरवलं ही त्या मुलीची चूक झाली का? कोणाला याची लाज वाटत नाही?

मराठीचंही ऐका. टेक्सासला हायस्कूलच्या पदवीसाठी इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेची दोन क्रेडिट लागतात. माझी लेक बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या मराठी मंडळांच्या संस्थेच्या) अभ्यासक्रमाची मराठी शाळा पूर्ण करून बसली आहे, पुण्याच्या भारती विद्यापीठाचं प्रमाणपत्र आहे, आजीला पत्र लिहिते, वर्तमानपत्र वाचते. काउन्सेलरने ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, ही आमच्या यादीत नाही, हिला स्पॅनिश १ ला टाकू. इथे रविवारी सकाळी झोप मोडून शिकवणाऱ्या मराठी शाळेच्या मावश्या आणि काकांची सगळी मेहनत त्या एका वाक्यात केराच्या टोपलीत. मी म्हटलं, भाषेची परीक्षा घ्या. कोण घेणार ते माहीत नाही म्हणे.

होमस्कूलवाल्या घरांना मी एवढंच सांगेन की पुढच्या फॉलला मूल शाळेत घालायचा विचार असेल तर फोनवर बोलूच नका. सगळं ईमेलने विचारा, प्रत्येक विषयाला कोणती परीक्षा मान्य हे नावासकट लेखी मागा, ट्रान्स्फर ग्रेडबद्दलचं डिस्ट्रिक्टचं धोरण मागा, आणि काउन्सेलर नाही म्हणाली तर तिथेच थांबू नका. प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्टचं ऑफिस, मग स्कूल बोर्डाची सभा. त्या सभेत पालकांना बोलायला वेळ असतो, नाव नोंदवा आणि बोला. मुलाची वही सोबत न्या आणि ती उघडून त्यांच्या समोर धरा.

मी प्रिन्सिपलला पत्र पाठवलंय. त्यात तीनच मागण्या आहेत. एपीचं क्रेडिट या आठवड्यात नोंदवा. बाकी प्रत्येक विषयाची परीक्षा कोणती आणि कोणत्या तारखेला ते कळवा. आणि निकाल लागेपर्यंत तिला अल्जिब्रा २ च्या वर्गात बसू द्या, नापास झाली तर खाली आणा. उत्तर आलं नाही तर पुढच्या बोर्ड मीटिंगला माझं नाव यादीत असेल आणि बायोलॉजीची ती वही माझ्या हातात असेल.