बॅरल आखूड म्हणून नेम चुकत नाही

‘पिस्तूल जेवढं लांब, तेवढा नेम पक्का. छोटं पिस्तूल दहा पावलांपलीकडे कामाचं नाही.’ हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की नवी मुलं शूटिंग रेंजवर येतानाच ते डोक्यात घेऊन येतात. ते चुकीचं आहे.

म्हणे, लांब बॅरलमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या नळीत, गोळीला फिरकी नीट बसते. पण फिरकी येते ती बॅरलच्या आतल्या आट्यांमुळे, म्हणजे पीळ दिलेल्या खाचांमुळे. ग्लॉक कंपनीच्या मोठ्या पिस्तुलाची, ग्लॉक १७ ची, बॅरल ११४ मिमी; छोट्या ग्लॉक २६ ची ८७. आट्यांचा पीळ मात्र दोन्हींत एकच, २५० मिमीला एक फेरा. आखूड बॅरलमधून गोळी थोडी कमी वेगानं निघते, हे खरं. त्यामुळे ती किंचित वर किंवा खाली लागेल. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवली की काम झालं. गोळ्या विखुरणं ही वेगळी गोष्ट आहे. ते बॅरलचा दर्जा, काडतूस आणि प्रत्येक फायरनंतर बॅरल पुन्हा त्याच जागी घट्ट बसते की नाही, यावर ठरतं.

मग छोट्या पिस्तुलाचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, फाकतो, हा अनुभव खोटा का? नाही, खरा आहे. कारण मात्र दुसरं. ग्लॉक १७ च्या पुढच्या (फ्रंट) आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण १६५ मिमी, २६ चं १३७. समजा, फ्रंट साइट अर्धा मिमी बाजूला गेली. २५ मीटरवर मोठ्या पिस्तुलाची गोळी ७६ मिमी चुकते, छोट्याची ९१. प्रिसिजन प्रकाराच्या टार्गेटवर पहिली आठ गुणांच्या वर्तुळात बसते, दुसरी सातच्या. चूक दोन्हीकडे हाताचीच, छोट्या पिस्तुलावर ती फक्त मोठी होऊन दिसते. शिवाय आखूड ग्रिपवर (मुठीवर) करंगळीला जागा नसते, पकड ढिली पडते.

‘स्पर्धेची पिस्तुलं लांब असतात’ हा तिसरा दाखला. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यात बॅरल १५३ मिमीपर्यंत चालते. तरी वॉल्थर जीएसपीची बॅरल १०७ मिमी आणि पार्दिनी एसपीची १२०. लांबीनंच अचूकता येत असती, तर एवढ्या नावाजलेल्या कंपन्यांनी हातची मुभा सोडली असती का? लांबी दिसते ती साइटमधल्या अंतराची; त्याची मर्यादा २२० मिमी आहे.

म्हणून नवं मूल ‘मोठं पिस्तूल द्या’ म्हणालं, की मी आधी रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला लावतो आणि फ्रंट साइटकडे बघायला सांगतो. ती हलली, तर ग्रिप हाताच्या मापाची आहे का ते पाहतो. बहुतेकदा चूक तिथंच सापडते.