वाढपी हवा आहे

मंडळाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला होता. तेवढ्या पुण्याईवर, आमच्या इंदूरच्या भजनी मंडळाने स्वतःचा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा सर्व्हर उभारण्याचा ठराव करताच, यंत्रखरेदी माझ्या गळ्यात पडली. पुण्याला आणि न्यू जर्सीला गेलेली मंडळी धरून गायला बसणारे तीस जण होते.

जेल रोडवरच्या दुकानदाराने “भिया, ग्राफिक कार्ड तो लगेगा ही” असे इतक्या जिव्हाळ्याने सांगितले की, आपण भजनाला नव्हे, युद्धाला निघालो आहोत असे मला वाटू लागले. दोन रात्री वाचन केल्यावर कळले की अशा बैठकांसाठी बिगब्लूबटन आणि जित्सी अशी दोन सॉफ्टवेअर आहेत; बिगब्लूबटनला 16 जीबी रॅम आणि प्रोसेसरचे 8 कोअर लागतात, आणि जित्सीचे त्याहून कमीत भागते; कारण जित्सीचा व्हिडिओब्रिज स्वतः काहीच शिजवत नाही, एकाकडून आलेले चित्र तो जसेच्या तसे इतरांच्या पानात वाढतो. सर्व्हर म्हणजे शब्दशः वाढपी! त्याला ग्राफिक कार्ड देणे म्हणजे वाढप्याच्या कमरेला तलवार बांधणे. जित्सीचे रेकॉर्डिंग करणारी जोडीदारीण जिब्री मात्र खरी खादाड. ती स्वतः क्रोम उघडून अख्खी बैठक बघत बसते आणि एका वेळी एकाच बैठकीचे चित्रण करते, म्हणून तिला वेगळी चूल मांडून द्यावी लागते. रेकॉर्डिंगचा मुद्दा मी अध्यक्षांसमोर काढलाच नाही.

अखेर एका कचेरीने मोडीत काढलेला रॅक सर्व्हर स्वस्तात मिळाला. उंची पावणेदोन इंच, लांबी मात्र पाऊण मीटर. त्यामुळे तो कपाटात मावेना आणि दिवाणावर विसावला. बटण दाबताच त्याच्या पोटातले मूठभर आकाराचे पंखे असे किंचाळले की, सौ.ने स्वयंपाकघरातून “मिक्सर कोणी लावला?” म्हणून विचारले.

पहिल्या गुरुवारी सर्वांनी कॅमेरे लावले. नवव्या माणसाबरोबर तबला अडखळू लागला आणि पंधराव्याबरोबर विठ्ठलाचा नुसता ‘वि’ उरला. प्रोसेसर मात्र निवांत होता. मग मी कागदावर हिशेब मांडला: तिसांपैकी प्रत्येकाचे चित्र उरलेल्या एकोणतिसांना पोचवायचे, म्हणजे 870 वाढपे, प्रत्येकी अर्धा मेगाबिट धरला तरी सेकंदाला 435 मेगाबिट बाहेर जायला हवेत, आणि आमच्या ब्रॉडबँडचा अपलोड 40 मेगाबिट! वाढपी दणकट होता, पण पंगतीकडे जाणारा बोळच सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीसारखा तुंबलेला होता, आणि त्या बोळाची रुंदी तपासण्याचे मला एवढ्या वाचनात सुचले नव्हते.

गाणाऱ्या एकाचाच कॅमेरा चालू ठेवला तर जेमतेम 15 मेगाबिटांत भागते, असे मी पुढच्या गुरुवारी नम्रपणे सुचवले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकेक चौकोन काळा होऊ लागला. फक्त कोपऱ्यातल्या काकू हलल्या नाहीत.

“मग मी ही माहेश्वरी कुणासाठी नेसले रे?”